म पासून आठ घरं मागे

निवृत्तीभाऊ केदारी कुठल्याही यंत्राला हात लावण्याआधी त्याचा वास घेतात. लांबून, नावापुरता नाही. चष्मा कपाळावर चढवायचा, दोन्ही हात पाठीमागे बांधायचे, कमरेत वाकायचं आणि नाक थेट यंत्राच्या जाळीला टेकवून सावकाश श्वास ओढायचा. मग डोळे मिटून थोडा वेळ तसंच उभं राहायचं. एकदा लोणावळ्याच्या एका हॉटेलात स्विचबोर्डासमोर ते असे उभे असताना, ही इथली काहीतरी रीत असावी असं समजून दोन पर्यटकांनी चपला काढल्या, असं तिथला मॅनेजर सांगतो. व्याह्यांकडे गेले असताना त्यांनी फ्रिजच्या मागे शिरून असाच वास घेतला, तेव्हा विहीणबाईंना वाटलं, पाहुणे भुकेलेत. त्यांनी घाईघाईनं पोहे टाकले. भाऊंनी पोहे संपवले, हात धुतले आणि मग सांगितलं की फ्रिजची वायर वितळायला आली होती. एवढी गंभीर गोष्ट पोह्यांनंतर का सांगितली, असं मी विचारलं तर म्हणाले, "प्लग मी आधीच काडला व्हता."

सगळी नोकरी त्यांनी एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली. नाव निवृत्ती, पण निवृत्त झाल्यापासून त्यांना घडीभराची उसंत नाही. कुसगावच्या घरातून सकाळी निघतात, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मीटर, दोन पेचकस, चिकटपट्टी आणि एक लांबोडकी वही. कोणाची पाण्याची मोटर, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचा मिक्सर. काम कसलंही असो, त्यांचं बोलणं दोन वाक्यांच्या पलीकडे फारसं जात नाही. पहिलं, "एका येळी एकच." म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. दुसरं, "दाखला काय?" हे दुसरं वाक्य ते डॉक्टरांना, हवामान सांगणाऱ्या बाईंना आणि स्वतःच्या बायकोलाही ऐकवतात.

त्यांच्या पत्नी पारूमावशी यांनी मला सांगितलेली हकिगत अशी. भाऊंचं डोकं दुखायला लागलं. गोळी घेतली तर कारण कळणार नाही, म्हणून गोळी घेईनात. तीन दिवस चहा बंद करून पाहिला. मग चहा सुरू करून तीन दिवस चष्मा बंद. त्या तीन दिवसांत ते दोनदा शेजारच्या घरात शिरले. मग चष्मा सुरू करून उशी बदलली. शेवटी टोपी बदलली आणि डोकं थांबलं. टोपी धुतल्यावर आटली होती. कोणीही खूश झालं असतं. भाऊंनी मात्र ती आटलेली टोपी पुन्हा दोन दिवस घातली. डोकं पुन्हा दुखायला लागलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

अशा माणसाशी माझी गाठ पडली ती आधारकार्डाच्या झेरॉक्समुळे.

कामशेतला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं एका खोलीचं दुकान आहे. झेरॉक्स काढते, अर्ज टाइप करून देते, पण खरा धंदा लग्नपत्रिकांचा. मावळातली लग्नपत्रिका म्हणजे काय चीज असते हे बाहेरच्याला कळायचं नाही. नवरा-नवरी हे तिथलं निमित्त. खाली सगळी भावकी, सोयरे, आजी-माजी सरपंच, सोसायटीचे संचालक, भजनी मंडळ. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणाच्या मागे 'कै.' आणि कोणाच्या मागे अजून नाही, हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. हे मी बारा-पंधरा वर्षं चोख केलं होतं. माझ्या पत्रिकेत चूक नसते, असं लोक म्हणायचे.

आणि मग माझा संगणक बंद पडायला लागला. काम करता करता पडदा निळा व्हायचा, वर इंग्रजीत चार ओळी यायच्या आणि मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. कधी दिवसातून एकदा, कधी चारदा, कधी आठवडाभर काहीच नाही. तळेगावहून एका माणसाला बोलावलं. त्यानं व्हायरस आहे असं सांगून सगळं पुसलं आणि नव्यानं भरून दिलं. पाच दिवसांनी पुन्हा तेच. त्यानं पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पुसल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला की मॅडम, तुम्ही वापरताना काहीतरी चुकीचं करत असणार.

ते मी सोसलं असतं. पण त्याच सुमाराला पत्रिकांमध्ये चुका निघायला लागल्या. कच्ची प्रत बरोबर, गिऱ्हाइकानं वाचून सही केलेली, आणि छापून आलेल्या पत्रिकेत एखादं अक्षर भलतंच. एका ठिकाणी सखाराम पाटलांचे रखाराम पाटील झाले. एका ठिकाणी भाऊसाहेबांचे थाऊसाहेब. लोक हसले, मी माफी मागितली, पदरचं घालून पुन्हा छापून दिलं. मला वाटलं, माझंच लक्ष उडालंय. डोळे तपासून आणले. रोज एकच ओळ पाच-पाचदा वाचायला लागले.

आणि मग वडगावच्या मारुतीमामांची पत्रिका झाली. मारुतीमामा तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. काना-मात्रेचीही चूक खपवून न घेणारा माणूस. त्यांच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिकेत ठळक अक्षरांत छापायचं होतं, 'वधूचे मामा'. छापून आलं, 'वधूचे मादा'. पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर कोणाच्या तरी ध्यानात आलं. मांडवात पोरंटोरं मामांना त्या नावानं हाका मारायला लागली. मामा मुलीच्या मागे उभे राहिले, अक्षता पडेपर्यंत थांबले, आणि जेवण न करता घरी निघून गेले. बहिणीनं पत्रिका नीट वाचली नाही म्हणून तिच्याशीही बोलणं बंद झालं. ती बहीण दुकानात येऊन मला काही बोलली नाही. नुसती बाकावर बसून रडली आणि गेली.

त्या उन्हाळ्यात माझं निम्मं काम गेलं. लोणावळ्याला एका हॉटेलच्या काउंटरवर जागा होती, तिथे जावं असं मी जवळजवळ ठरवलं होतं. अशात एके दुपारी निवृत्तीभाऊ आधारकार्ड घेऊन आले. मी प्रत काढत असतानाच टेबलावरचा संगणक निळा झाला आणि बंद पडला. मी डोक्याला हात लावला. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला, हात पाठीमागे बांधले आणि काउंटरला वळसा घालून आत येऊन मशीनला नाक लावलं.

"जळल्याला वास न्हाई," ते म्हणाले. "कवापासून हाय हे?"

मी सगळं सांगितलं. पुसून नव्यानं भरलं तरी पुन्हा होतं, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं. तीनदा घर सारवलं तरी पाल निघते, म्हणजे पाल भिंतीत आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. दोष आतल्या मजकुरात नाही, वस्तूत आहे. मी हळूच म्हणाले की कदाचित माझंच काही चुकत असेल. त्यावर त्यांनी विचारलं, "दाखला काय?"

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन हजर. मशीन बंद पडलं की तारीख, वेळ, त्या वेळी काय चालू होतं, पंखा होता की नव्हता, शेजारच्या गिरणीचा आवाज येत होता का, सगळं लिहायचं. मी लिहीत गेले. आठवड्यानं त्यांनी वही वाचली आणि निकाल दिला, विजेचा दोष आहे, अर्थिंग नीट नाही. मग त्यांनी दुकानामागे खड्डा उकरला, त्यात मीठ आणि कोळसा घातला आणि मला रोज सकाळी त्यात तांब्याभर पाणी ओतायला लावलं. शेजारचा तांदळाचा व्यापारी मला विचारायचा, ताई, नवस आहे का कसला. मी पंधरा दिवस इमानानं पाणी घातलं. सोळाव्या दिवशी मशीन तीनदा बंद पडलं.

दुसरा कोणी असता तर त्यानं काहीतरी कारण सांगितलं असतं. भाऊंनी वही उघडली आणि त्या दिवसाच्या रकान्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'निवृत्ती केदारी चुकला.' खाली सही केली. मग मशीनला वीज पुरवणारा आतला डबा बदलून पाहिला. चार दिवस वाट. नाही. पुन्हा जुना डबा बसवला. मग पंखा साफ केला. चार दिवस वाट. नाही. सगळंच एकदम बदलून टाकू, असं मी वैतागून म्हटलं, तर म्हणाले, "मंग बरं वाटंल, पन कळणार न्हाई."

असं एकेक तपासता तपासता दिवाळी तोंडावर आली. पवनेकडच्या गावाहून शंकरआबा दुकानात आले. माझ्या वडिलांचे जुने स्नेही. त्यांच्या घरात एका मांडवात दोन लग्नं होती, नातू आणि नात, तुळशीचं लग्न झाल्यावरच्या पहिल्या मुहूर्तावर. दोन्हीकडची नावं धरून पत्रिका चार पानी. सगळ्या भावकीनं त्यांना सांगितलं होतं की कामशेतच्या त्या बाईकडे जाऊ नका. ते तरी आले होते. म्हणाले, तुझ्या बापाला ओळखतो म्हणून देतोय, पण एक अक्षर चुकलं तर मला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

मी तीन दिवस बसून ती पत्रिका जुळवली. वाचली, पुन्हा वाचली, शेजारणीकडून वाचून घेतली. फाइल बंद केली, जेवून आले, पुन्हा उघडली आणि छापायला पाठवण्याआधी शेवटची नजर टाकली. तिसऱ्या पानावर 'सरपंच' होतं तिथे 'सरढंच' झालं होतं. जेवायला जाताना ते 'सरपंच' होतं. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि आत बसून रडले.

भाऊ अर्ध्या शटरखालून वाकून आत आले. मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी ते अक्षर पाहिलं आणि विचारलं, अशा चुका आधी झाल्या होत्या का. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अक्षरांच्या चुकांबद्दल मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. त्या मला माझ्या चुका वाटत होत्या. मशीनच्या तक्रारीत त्या कशाला सांगायच्या? त्यांनी सगळ्या जुन्या चुकलेल्या पत्रिका मागितल्या. मी त्या कपाटात तळाशी लपवून ठेवल्या होत्या. काढून दिल्या.

ते बाकावर बसले आणि वहीत लिहायला लागले. सखारामचा स जाऊन र. भाऊसाहेबांचा भ जाऊन थ. मामांचा म जाऊन द. सरपंचांचा प जाऊन ढ. बाबांचा ब जाऊन त, अशीही एक निघाली. बराच वेळ ते त्या यादीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला कीबोर्डवर म कुठे आहे आणि द कुठे आहे ते दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. दोन्ही बटणं जवळ नव्हती. स आणि रही जवळ नव्हते.

"मानूस चुकला तर शेजारचं बटन दाबतो," ते म्हणाले. "आन मानूस दोनीकडं चुकतो. कदी म चा द, कदी द चा म. हितं एकदा तरी द चा म झालाय का?"

मी सगळ्या पत्रिका पुन्हा चाळल्या. झाला नव्हता. एकदाही नाही. म चा द व्हायचा, द मात्र कायम द च राहायचा.

मग भाऊ बोटांवर वर्णमाला मोजायला लागले. म पासून मागे द पर्यंत सात अक्षरं. स पासून मागे र पर्यंत पाच. जुळेना. पुन्हा मोजलं, तरी जुळेना. त्यांचा चेहरा पडला. तेव्हा मला आठवलं की संगणकाची अक्षरांची मांडणी शाळेतल्यासारखी नसते. त्याची स्वतःची एक यादी असते, तिच्यात आपण कधी न वापरलेली टिंबवाली अक्षरंही असतात, आणि ळ वेगळ्याच जागी असतो. मी ती यादी पडद्यावर उघडली. भाऊ खुर्ची ओढून जवळ बसले आणि पडद्यावर बोट टेकवून एकेक घर मागे जायला लागले. म, भ, ब, फ, प, मग तो टिंबवाला न, मग साधा न, ध, द. आठ. मग स. ष, श, व, टिंबवाला ळ, साधा ळ, ल, टिंबवाला र, र. आठ. प पासून ढ, आठ. भ पासून थ, आठ. ब पासून त, आठ.

मग भाऊ उठले, शटर पूर्ण वर केलं आणि शेजारच्या तांदळाच्या दुकानातून न विचारता चार वजनं उचलून आणली. ती काउंटरवर ओळीनं मांडून त्यांनी मला समजावलं. समज, ही एकाची, दोनाची, चाराची आणि आठाची वजनं. एवढ्यांत पंधरापर्यंतचा कुठलाही आकडा तोलता येतो. संगणक प्रत्येक अक्षराचा एक आकडा धरतो आणि तो अशाच वजनांनी मांडून ठेवतो. तुझ्या मशीनमध्ये कुठेतरी एका जागी आठाचं वजन पारड्यात राहत नाही, घसरून पडतं. म्हणून अक्षर दर वेळी बरोबर आठ घरं मागे जातं. ज्या अक्षरात आठाचं वजन मुळात नाही, ते बिघडत नाही. द चा म कसा होईल? पडलेलं वजन आपोआप पारड्यात येत नसतं.

"आन त्या जागंवर तुजं अक्षर न येता मशिनीचं सोताचं काम आलं," ते म्हणाले, "की मशीन बंद पडती."

दोन्ही दुखणी एकच होती. माझे डोळे ठीक होते. माझं लक्ष ठीक होतं. मी सहा महिने स्वतःला जे काही म्हणत होते, ते सगळं त्या चार वजनांपुढे खोटं पडलं. मी पुन्हा रडले, पण या वेळी भाऊंनी शटर ओढू दिलं नाही.

आता ती जागा शोधायची होती. संगणक चालू असताना ज्या पाटीवर तो लिहितो-पुसतो, तिला रॅम म्हणतात. बोटभर रुंद, वीतभरापेक्षा आखूड पट्टी. माझ्या मशीनमध्ये अशा दोन होत्या. भाऊंनी दोन्हींवर चिकटपट्टी लावून एक आणि दोन असे आकडे घातले. तपासायची रीतही त्यांनीच काढली. एका कोऱ्या फाइलमध्ये नुसता म भरायचा, पानंच्या पानं, शेकड्यांनी, मशीन जड होईपर्यंत. मग त्यात द शोधायचा. फक्त दोन नंबरची पट्टी ठेवून आम्ही म भरला आणि शोध घेतला. एकही द नाही. ती काढून फक्त एक नंबरची बसवली, पुन्हा म भरला. शोधाचं बटण दाबलं आणि पडद्यावर, हजारो म च्या मधोमध, एकटा द पिवळा होऊन उभा राहिला.

झेरॉक्सला आलेली तीन माणसं आणि वजनं परत न्यायला आलेला तांदळाचा व्यापारी, सगळे पडद्याभोवती जमले होते. व्यापाऱ्यानं टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्याला कळलं होतं की नाही कोण जाणे.

मला वाटलं, झालं. ती पट्टी फेकून देऊ. पण भाऊंनी ती काढली, फाइल बंद केली, दोन नंबरवर मशीन दहा दिवस चालवायला लावलं. दहा दिवसांत एकदाही बंद पडलं नाही. शंकरआबांच्या चार पानी पत्रिका छापून आल्या आणि मी त्या बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचल्या. एक चूक नाही. आबांनी दुकानात बसून मोठ्यानं सगळी नावं वाचली, भजनी मंडळापर्यंत, आणि शेवटी नुसती मान डोलावली. अकराव्या दिवशी भाऊंनी ती खराब पट्टी पुन्हा बसवायला लावली. मी हात जोडले. ते ऐकेनात. दुखणं परत आणून दाखवलं तरच ते सापडलं म्हणायचं. पट्टी बसवली, आणि अर्ध्या तासात पडदा निळा. भाऊंनी वहीत नोंद केली, पट्टी काढून कागदात गुंडाळली आणि म्हणाले, "ह्यो दाखला. आता वडगावला जाऊ."

आम्ही माझ्या स्कूटरवरून वडगावला मारुतीमामांकडे गेलो. मामांनी दारातच मला ओळखलं आणि आत वळले. भाऊ त्यांच्या मागोमाग, बोलावणं नसताना, ओसरीवर जाऊन बसले. मी संगणकाच्या अक्षरांच्या यादीचा कागद छापून आणला होता. भाऊंनी तो मामांच्या पुढ्यात पसरला, बाजूला सगळ्या चुकलेल्या पत्रिका ठेवल्या, त्यावर पट्टी ठेवली, आणि एवढंच म्हणाले की तुम्ही लिहिणारे आहात, तुम्हीच मोजा.

मामांनी आधी कागदाकडे पाहिलंही नाही. मग पाहिलं. मग चष्मा मागवला. जन्मभर दुसऱ्यांच्या अर्जातली अक्षरं तपासलेला माणूस. बोट म वर टेकलं आणि मागे सरकत गेलं. द वर आल्यावर थांबलं. त्यांनी स वरून मोजलं. प वरून मोजलं. पाचही वेळा आठ आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे ताई, तुम्ही लिहिलं होतं बरोबर?"

मी म्हटलं, बरोबर लिहिलं होतं. तुमच्या बहिणीनंही बरोबर वाचलं होतं.

मामा मग उठून आत गेले. आतून त्यांचा आवाज आला. ते फोनवर बोलत होते. "अगं आक्का, मी बोलतोय," एवढंच ऐकू आलं. बाहेर आले तेव्हा नाक लाल झालं होतं. आम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाले. जेवताना त्यांनी स्वतःच हिशेब मांडला की पहिलाही म पडला असता तर ते 'दादा' झाले असते, आणि नवरीच्या भावाच्या रांगेत उभे राहून त्यांना लहान तरी होता आलं असतं. सगळे हसले. मी सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

मला वाटलं, आता घरी. पण स्कूटरवर बसल्यावर भाऊ म्हणाले की वेळ असेल तर वाटेत एका गावात थांबू, एका माणसाला भेटायचं आहे. वाटेत त्यांनी मागे बसून, माझ्या कानापाशी, मला एक गोष्ट सांगितली. कारखान्यात असताना एकदा एक मोठं मशीन भलत्या वेळी सुरू झालं. कोणाला लागलं नाही, पण माल आणि साचा दोन्ही मोडले. मशीनवर कोंडिबा नावाचा कामगार होता. तो सांगत होता, मी बटण दाबलं नव्हतं. भाऊंनी मशीन तपासलं. दोष काही दिसेना. साहेबांना अहवाल लगेच हवा होता. भाऊंनी लिहून दिलं, कामगाराची चूक, आणि सही केली. कोंडिबाची नोकरी गेली. चार महिन्यांनी तेच मशीन पुन्हा आपोआप सुरू झालं, तेव्हा समोर कोणीच नव्हतं. वायरीच्या आत, वरून न दिसणाऱ्या जागी, तार तुटून घासत होती. भाऊंनी साहेबांकडे जाऊन सांगितलं. तोवर कोंडिबाच्या जागी दुसरा आला होता. कोंडिबा गावी शेती करत होता, तो परत आला नाही.

"चार महिने थांबायला पायजे व्हतं मी," भाऊ म्हणाले.

गावात एका कौलारू घराच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. भाऊंनी मला हळू आवाजात सांगितलं की हेच कोंडिबा, आबांना आता काही ध्यानात राहत नाही, सकाळी जेवलेलंही नाही. कोंडिबाआबांनी आमच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. भाऊ त्यांच्याशेजारी बसले, पावसापाण्याचं बोलले. थोड्या वेळानं आबांचा चेहरा एकदम कसनुसा झाला आणि ते कोणालाच उद्देशून नाही असं पुटपुटले, मी बटन दाबलं नव्हतं. सगळं विसरलेल्या त्या माणसाला तेवढं मात्र आठवत होतं.

भाऊंनी त्यांचा हात हातात घेतला. "आबा, मशीन मी तपासलं. तार तुटली व्हती. तुमची चूक नव्हती. चुकलो मी."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याचा सगळा चेहरा उजळला, एखाद्या पोरासारखा. तो ताठ बसला आणि दाराकडे वळून ओरडला, "अगं, ऐकलंस का? मी म्हनत व्हतो का नव्हतो? ह्ये साहेब सांगायला आलेत. माजी चूक नव्हती."

आतून त्यांच्या पत्नी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. भाऊंच्या हातात कप देऊन त्यांनी मला हळूच सांगितलं की भाऊ दर महिन्याला येतात, दर महिन्याला हेच सांगतात, आणि आबा ते दर महिन्याला पहिल्यांदाच ऐकतात.

"ऐकलं हो," त्या म्हणाल्या आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. "लय बरं झालं."